गड्याची हजेरी, बाईची हजेरी: एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

शेतात बाईला गड्यापेक्षा कमी मजुरी का, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली असली तरी त्यात हिशेब आहे, म्हणून दोन ओळींत वाटेला लावत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. तासगाव तालुक्यात तुमची द्राक्षबाग आहे. गड्याला ५०० रुपये हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, बाईला ३००. हा भेदभाव नाही, कारण गड्याचं काम जड, बायका उशिरा येऊन लवकर जातात, बागायतदार स्वतःच बुडालाय आणि कायदा समान कामाला समान वेतन म्हणतो, इथं कामच समान नाही. शेवटी, ‘कुपवाडला एसीत बसून पगारपत्रकं करणाऱ्या बाईनं शेतीवर लिहू नये.’ (कुपवाड म्हणजे सांगलीजवळची कारखान्यांची वसाहत. एसी नाही, पंखा आहे. तोही साहेबांच्या टेबलाकडे वळवलेला.)

तासांचं आधी. तुम्हीच लिहिलंय, गडी ८ तास, बाई ६. म्हणजे गड्याला तासाला साडेबासष्ट रुपये पडतात. त्याच दराने बाईचे ६ तासांचे ३७५ होतात. २०० च्या फरकातले १२५ तासांचे, मान्य. उरलेले ७५ कशाचे?

जड कामाचे, असं तुम्ही म्हणाल. फवारणी आता ट्रॅक्टरच्या ब्लोअरने होते, ते राहू द्या. आपल्या जिल्ह्यातल्या ऊसतोडीकडे बघा. बाई मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. मजुरी मात्र नवरा-बायकोची मिळून एक कोयता अशी धरतात, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. जड कामाला जास्त पैसे हा नियम असता, तर तो निदान उसाच्या फडात तरी दिसला असता.

आता विरळणी, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढणं. हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता, तरी तुमच्या प्रतिक्रियेत त्याबद्दल अक्षर नाही. मांडवाखाली मान वर आणि हात वर करून दिवसभर उभं राहायचं, कात्रीने घडातले मणी काढायचे. कुठला मणी ठेवायचा, कुठला काढायचा हे क्षणात ठरवायचं. कमी काढले तर मणी एकमेकांना दाबून बारीक राहतात, जास्त काढले तर घड बोडका होतो, आणि कात्रीचं टोक शेजारच्या मण्याला लागलं तर तो सडून घड घेऊन जातो. तुमचा माल निर्यातीला जाणार की गावच्या बाजारात हे बरंचसं त्या कात्रीवर ठरतं. हे काम बायांचं, कारण म्हणे त्यांचा हात हलका. गंमत बघा, हात हलका म्हणून काम त्यांना आणि काम हलकं म्हणून पैसे कमी.

हेच काम टोळीला उक्तं, म्हणजे एकराला ठरावीक रक्कम बोलून दिलं, तर त्याच बाया दिवसाला हजेरीपेक्षा जास्त कमावतात. मग उक्तं का देत नाही? तर घाईत घड खराब होतात. म्हणजे जास्त काळजीचं काम हजेरीवर, आणि हजेरी कमी! दादा, याला बाजारभाव कसा म्हणायचा?

कुपवाडमध्येही वेगळं काही नाही, फक्त कागद नीटनेटका असतो. किमान वेतनाच्या दरपत्रकात बाई-पुरुष असे रकाने नाहीत. कुशल, अर्धकुशल, अकुशल असे आहेत. पण एका कारखान्यात मी काम करत होते तेव्हा यंत्रावर बसणारा पोरगा ऑपरेटर, म्हणजे अर्धकुशल. आणि त्याने काढलेला माल डोळ्यांनी तपासून खराब नग बाजूला काढणारी, दहा-बारा वर्षं तेच करणारी बाई हेल्पर, म्हणजे अकुशल. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला त्यात कायदा मोडलेला दिसणार नाही. आधी काम वाटायचं, मग बाईच्या वाट्याच्या कामाला स्वस्त ठरवायचं, आणि मग म्हणायचं की काम समान कुठंय. मूळ लेखात मला एवढंच म्हणायचं होतं.

तुम्ही कायद्याचा अर्धाच भाग घेतलात. १९७६ चा समान वेतन कायदा ‘समान काम किंवा समान स्वरूपाचं काम’ म्हणायचा, आणि ते कौशल्य, श्रम, जबाबदारी यांवरून ठरवायला सांगायचा. आता त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या वेतन संहितेत त्यात अनुभवाचीही भर पडली. तोट्याचं म्हणाल तर मुंबईच्या मॅकिनन मॅकेन्झी कंपनीनेही तेच सांगून पाहिलं होतं. ऑड्रे डिकॉस्टा या तिथल्या लघुलेखिका, त्यांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार. युनियनशी तसा करार झालाय, हे कामच वेगळं आहे आणि आम्हाला परवडत नाही, असं सगळं कंपनीने मांडलं. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यातलं काहीच मान्य केलं नाही.

तोटा खोटा आहे असं मी म्हणत नाही. फळछाटणीनंतर अवकाळी बरसला की काय होतं ते घरात बघितलंय. पण त्या वर्षी औषधाचा दुकानदार तुम्हाला ‘तोटा झालाय, कमी द्या’ म्हणाला का? ट्रकवाला? सवलत फक्त बाईच्या हजेरीतच कशी निघते?

‘शेतमजुरीत समान दर हे पुस्तकी खूळ आहे’ हे तुमचं वाक्य वाचून मात्र हसू आलं. रोजगार हमी योजना ज्यांनी मांडली ते वि. स. पागे तुमच्याच तालुक्यातल्या विसापूरचे. साठच्या दशकात पहिला प्रयोगही तिथलाच. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या कामांवर खोदलेली माती मोजून दाम द्यायचे, आणि खोदणारा हात बाईचा की बाप्याचा यावर दर बदलत नसे.

राहिला तुमचा आणखी एक मुद्दा, आणि तो मला सगळ्यात खरा वाटला. हंगामाआधी गावातले बागायतदार बसून दर ठरवतात, तुम्ही एकट्याने वाढवला तर शेजारी दारात येतील. बरोबर. एकट्याने वाढवा असं मी म्हणतही नाही. त्याच बैठकीत गडी-बाई असे दोन दर न लावता कामाचे दर लावायला सांगा: विरळणीचा तास एवढा, काडी बांधायचा एवढा, फवारणीचा एवढा. विष अंगावर उडतं म्हणून फवारणीला थोडे जास्त ठेवलेत तर माझी हरकत नाही. उद्या ब्लोअर एखाद्या बाईने चालवला, तर तिलाही तेवढेच द्या.