नरक्याचा काढा आणि नरक्याचं औषध

नमस्कार. माझ्या लेखावर तुमचं म्हणणं असं: आतड्याच्या कॅन्सरवरचं इरिनोटेकन हे औषध आपल्या घाटातल्या नरक्या या झाडापासूनच करता येतं, मग त्याचा काढा पिऊ नका म्हणणं हा गावच्या वैदूंचा अपमान, आणि औषधाच्या चाचण्या म्हणजे कंपन्यांनी भाव वाढवायला काढलेलं निमित्त. तुमच्या चुलत्यांचा केमोसोबत काढाही चालू आहे, ही शेवटची ओळ वाचली आणि रात्रीच लिहायला बसलो.

आधी माझी चूक. मूळ लेखात 'झाडपाला' हा शब्द मी हिणवल्यासारखा वापरला, तो मागे घेतो. बेळगावकडच्या जांबोटीला एका ओसरीवर नरक्याच्या चिपांचं पोतं मी पाहिलंय. तोंड सोडताच असा दर्प आला की घरच्या काकूंनी पदर नाकाला लावला. हे लाकूड पुढे कुठे जातं, त्याचं काय होतं, त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. याचा राग तुमच्याइतकाच मलाही आहे.

पण चाचण्यांना निमित्त म्हणू नका. नरक्यातला मूळ पदार्थ कॅम्प्टोथेसिन. 1966 साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी तो एका चिनी झाडातून वेगळा केला. हे वाणी आपल्या नंदुरबारचे. 1972 मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तोच नरक्यात सापडला. उंदरांच्या ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवर, त्याचा गुण आला होता. माणसांना द्यायचा तर तो पाण्यात विरघळेना, म्हणून त्याचा सोडियम क्षार केला. त्यात रेणूतलं एक कडं उघडतं आणि औषधाचा जोर जातो. मूत्राशयात लघवी आम्ल असली की तेच कडं पुन्हा मिटतं आणि जोर परत येतो, नको त्या जागी. रुग्णांच्या लघवीतून रक्त जाऊ लागलं, जुलाब लागले, पांढऱ्या पेशी घसरल्या. चाचण्या थांबवाव्या लागल्या. याच पदार्थात बदल करून जपानमध्ये इरिनोटेकन तयार झालं, आणि अमेरिकेत आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी त्याला मंजुरी मिळाली 1996 साली. मधली तीस वर्षं नरक्याचा अपमान करण्यात गेली नाहीत, त्याचं विष आवरण्यात गेली.

अजूनही ते पुरतं आवरलेलं नाही. इरिनोटेकनने जिवावर बेतणारे जुलाब होऊ शकतात. काहींच्या यकृताला या औषधाचा जोर उतरवायला उपजतच जास्त वेळ लागतो, त्यांना डोस कमी द्यावा लागतो. काढ्याचा डोस कोण मोजणार? एका झाडात कॅम्प्टोथेसिन जास्त, शेजारच्या झाडात कमी. पातेल्यात किती उतरलं, हे वैदूही सांगू शकत नाही. आणि उद्या चुलत्यांना जुलाब लागले, तर काढ्याचं माहीत नसलेले डॉक्टर केमोलाच दोष देऊन तिचा डोस घटवतील.

माझ्या मामाला शौचावाटे रक्त जायचं. मूळव्याध समजून आठ महिने त्याने चूर्ण घेतलं. देणारा भला माणूस होता, पैसेही घेतले नाहीत. कोलोनोस्कोपी, म्हणजे नळी घालून आतड्याची तपासणी, झाली तोवर रोग यकृतात पोचला होता.

काढा आजच थांबवा. उरलेली पुडी पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर ठेवा, ओरडतील म्हणून लपवू नका. जुलाब किंवा ताप आला तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. चुलत्यांना कन्नडमधून बोलायला अडत असेल तर मला कळवा, बेळगावला मी सोबत येतो.