ताटी ओली ठेवली तरी हवेला बाहेर जायला वाट हवी

उन्हाळ्यात घर थंड ठेवायला खसाची ताटी, म्हणजे वाळ्याच्या मुळांचा ओला पडदा, कशी वापरावी यावरचा एक लेख वाचला. त्यातला 'खसाची ताटी लावा आणि बाकी दारं-खिडक्या गच्च बंद करा' हा सल्ला चुकीचा आहे. ताटीतून आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल तर हवा आत येतच नाही, आणि तासाभरात खोलीत नुसता दमटपणा साचतो. नागपुरात उन्हाळी वारा बहुतेक पश्चिम-वायव्येकडून येतो. ताटी त्या बाजूच्या खिडकीला लावायची आणि समोरच्या भिंतीतली खिडकी किंवा वरचा झरोका उघडा ठेवायचा. मे महिन्यात दुपारी ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर ओल्या पृष्ठभागावरून गेलेली हवा तत्त्वतः २४ अंशांपर्यंत उतरते, साध्या ताटीने ३०-३२ मिळाले तरी भरपूर. मृगाच्या सरी आल्या की हवाच दमट होते आणि हा खेळ संपला, तेव्हा ताटी काढून वाळवून ठेवायची.

पाण्याबद्दल लेखात अक्षरही नाही! बादलीने शिंपडलेली ताटी लू (उन्हाळ्यातला गरम कोरडा वारा) सुरू असताना बघता बघता कोरडी होते, आणि कोरड्या पट्ट्यातून गरम हवाच आत येते. वर भोकं पाडलेला अर्ध्या इंचाचा पाइप, खाली पन्हाळ, कूलरचा छोटा पंप, एवढं पुरतं. बोअरचं जड (क्षारयुक्त) पाणी असेल तर मुळांवर पांढरा थर चढतो. पन्हाळीतलं पाणी आठवड्यातून दोनदा पूर्ण बदला (डासांसाठीही), आणि रात्री ताटी सुकू द्या, नाहीतर वास सुगंधाऐवजी कुबट येतो.