कंटेनर पुसल्याने कोड पुसला जात नाही

फोंडा-पणजीकडच्या छोट्या सॉफ्टवेअर कचेऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: ‘गिट सर्व्हर डॉकरमध्ये टाकू नका. कंटेनर उडाला की कोड गेला. शिवाय मशीन दांडगं लागतं आणि गोव्यातल्या विजेचा काय भरवसा!’ गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारी व्यवस्था, आणि डॉकर म्हणजे प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन. आमच्या फोंड्यातल्या सहाजणांच्या कचेरीत गिटी हा गिट सर्व्हर कंटेनरमध्येच चालतो. हा संदेश वाचून लोक धास्तावताहेत, म्हणून लिहिणं भाग आहे.

कंटेनर पुसण्यासाठीच असतो. अद्ययावत करायचं म्हणजे जुना काढून नवा लावायचा. कोड राहतो व्हॉल्यूममध्ये, म्हणजे कंटेनरबाहेर टिकणाऱ्या साठवणीच्या जागेत. गिटीच्या नेहमीच्या इमेजमध्ये (ज्या साच्यातून कंटेनर बनतो) ‘डेटा’ फोल्डर बाहेरच्या डिस्कवरच्या फोल्डरला जोडला, की कंटेनर दहा वेळा काढा, रिपॉझिटऱ्या, म्हणजे कोडची भांडारं, जागेवर असतात. ज्यांचा कोड खरोखर गेला, त्यांनी बहुधा ही जोडणीच केली नव्हती किंवा ‘कंपोज डाउन’ला, म्हणजे कंटेनर बंद करून काढण्याच्या डॉकरच्या आज्ञेला, ‘व्ही’ जोडला होता. त्या एका अक्षराने नाव दिलेले व्हॉल्यूमही पुसले जातात. पावसाळ्यातल्या एका रात्री घाईत हे माझ्याच हातून झालं आहे. कोड सहाही लॅपटॉपांवर होता, कारण गिटमध्ये प्रत्येक क्लोनपाशी (उतरवून घेतलेल्या प्रतीपाशी) पूर्ण इतिहास असतो. पण इश्यू (नोंदवलेल्या अडचणी) आणि पुल रिक्वेस्ट (बदल सामील करून घेण्याच्या विनंत्या) यांवरच्या चर्चा डेटाबेसमध्ये होत्या. त्या गेल्या त्या गेल्याच. ते आजही सलतं.

दांडगं मशीन? गिटलॅबसारखा भारी गिट सर्व्हर घेतलात तर हो, आठ जीबी रॅम हाताशी हवी. गिटी किंवा २०२२ साली त्यातून फुटून निघालेलं फॉर्जेयो छोट्या गटाला एक जीबीतही पुरतं.

विजेचा मुद्दा मात्र खरा आहे, फक्त दोष कंटेनरचा नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर थेट बसवलेल्या सर्व्हरवरही गिटची ऑब्जेक्ट फाइल (ज्यात ते कोड साठवतं) रिकामी राहू शकते. बॅटरी संपत आली की मशीन रीतसर बंद करील असा यूपीएस लावा आणि कंपोजच्या फाइलमध्ये ‘रीस्टार्ट’पुढे ‘अनलेस-स्टॉप्ड’ लिहा, म्हणजे मशीन पुन्हा सुरू झालं की सर्व्हरही आपोआप उठतो.

संदेशात नसलेला एक धोका जास्त मोठा आहे: इमेजपुढे ‘लेटेस्ट’, म्हणजे ‘सर्वांत नवी आवृत्ती’, लिहिणं. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रोग्रॅमची मुख्य आवृत्ती अशी नकळत बदलली, तर जुना डेटा तो उघडतच नाही. आवृत्तीचा आकडाच लिहा.

आता आमच्याकडे दर रात्री ‘गिटी डंप’, म्हणजे गिटीची बॅकअप प्रत, निघतो. त्यात रिपॉझिटऱ्या आणि डेटाबेस दोन्ही येतात. त्याची एक प्रत म्हापशाला सहकाऱ्याच्या घरी जाते आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीवरून कोऱ्या मशीनवर सर्व्हर उभा करून पाहतो.