प्राध्यापक व्हायचंय? आधी फाइल जाड करा

ठाण्यात किंवा नवी मुंबईत सहायक प्राध्यापक व्हायचं ठरवलं असेल, तर अभ्यास राहू द्या, आधी रद्दीवाल्याशी ओळख काढा. भरतीची जाहिरात बऱ्याचदा अशा दैनिकात येते, जे तुमच्या अख्ख्या सोसायटीत कुणी घेत नाही. रद्दीत सापडेपर्यंत मुदत संपलेली असते, त्यामुळे झेरॉक्स आणि स्पीड पोस्टचे पैसे वाचतात. मुदतीत सापडलीच, तर ‘विनाअनुदानित’ हा शब्द शोधा. तो सगळ्यात बारीक टायपात असतो. वेतन ‘नियमाप्रमाणे’ असतं. कोणाच्या नियमाप्रमाणे, हे विचारू नये.

आता गुण. युजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत महाविद्यालयांसाठी शंभर गुणांचा तक्ता आहे. पदवीला ८० टक्के असतील तर २१, पदव्युत्तरला तेवढेच असतील तर २५, पीएचडीला २५. नेट ही देशपातळीवरची पात्रता परीक्षा जेआरएफसह, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीसह, असेल तर १०, नुसत्या नेटला ८, राज्याच्या सेटला ५. शोधनिबंधाला प्रत्येकी २, पण एकूण सहा गुणांच्या वर नाही. म्हणजे चौथ्या निबंधाला भोपळा. तो विषयाच्या प्रेमापोटी खुशाल लिहा, फक्त कुणाला सांगू नका. आणि पदवीला पंचावन्नच्या खाली राहिला असाल तर २१ च्या जागी १०. हा अकरा गुणांचा खड्डा सगळे शोधनिबंध ओतले तरी बुजत नाही. एकोणिसाव्या वर्षी कॅन्टीनमध्ये बसताना याचा विचार करायला हवा होता.

एवढं जमवून फार खूश होऊ नका. तक्ता फक्त मुलाखतीला कुणाला बोलवायचं यापुरता. निवड निव्वळ मुलाखतीवर, हेही तिथेच लिहिलंय. नव्वदवाला आणि साठवाला बाहेरच्या बाकावर शेजारी बसले की दोघेही शून्यावर.

अनुभव हवा असेल तर तासिका तत्त्व, म्हणजे तासावारी शिकवणं, आहेच. सकाळी ऐरोली, दुपारी नेरूळ, संध्याकाळी ठाणे, असं कॉलेजांचं वेळापत्रक लावा. ऐरोलीहून चुकून वाशी गाडीत चढलात तर तुर्भ्याला उतरून नेरूळची गाडी धरा. तुर्भ्यानंतर वाशी गाडी सानपाड्याकडे वळते आणि तुमची तासिका बुडते. शिकवाल तेवढ्या तासांचेच पैसे. दिवाळी, मे महिना आणि धो धो पावसात जाहीर झालेली सुट्टी तुमच्या खर्चाने. बिलातले तास हजेरीपत्रकाशी जुळले नाहीत तर बिल परत. पुन्हा सह्या घेत फिरा. लेखाविभागात तुमचा चेहरा ओळखीचा होतो, हाही एक अनुभवच. कागदावरचा अनुभव मात्र पुढे मोजायचा असेल, तर तेव्हाचा एकूण पगार कायम सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावा, असं तीच नियमावली सांगते. तेव्हा तासिकेवर राहून पूर्ण पगार घ्या. सोपं आहे.

संशोधनाकडे वळायचं असेल तर तिशीच्या आत वळा, जेआरएफला वयाची अट आहे. २०२३ पासून महिना ३७,००० रुपये मिळतात. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्रासारख्या संस्थांत प्रकल्पाच्या जागांसाठी थेट मुलाखती असतात. मूळ प्रमाणपत्रं आणि प्रतींचा संच न्या. प्रकल्प संपला की पद संपतं, त्यामुळे राजीनामा लिहायचे कष्ट नाहीत.

शेवटी कॉलेजची मुलाखत. जाड फाइल टेबलावर ठेवा. कुणी उघडली नाही तरी वजन दिसतं. पहिला प्रश्न असेल, ‘राहता कुठे?’ बदलापूर म्हणालात तर ‘लांब पडेल हो तुम्हाला.’ कॉलेजच्या मागच्याच गल्लीत म्हणालात तर ‘मग आमच्याकडे तासिकेवरच का येत नाही?’ विषयातला प्रश्न कुणी विचारलाच, तर उत्तर दोन वाक्यांत आटपा. तिसऱ्या वाक्याला चहा येतो.