स्कॉटिश नोटांबद्दल माझ्याच जुन्या मेसेजचा खुलासा

'स्कॉटलंडच्या नोटा लंडनमध्ये नाकारणं बेकायदा आहे, दुकानदाराला सरळ कायदा दाखवा' असा मेसेज युकेला निघालेल्या मुलांच्या ग्रुपमध्ये फिरतोय. त्याचा उगम दुर्दैवाने मीच. एका दुकानात माझी वीस पौंडांची नोट परत आली, त्या रागात लिहून टाकलं होतं. ते चूक आहे.

नंतर बँक ऑफ इंग्लंडची माहिती नीट वाचली. स्कॉटलंडच्या नोटा काढणाऱ्या बँक ऑफ स्कॉटलंड, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड आणि क्लाइड्सडेल या तिघी बँकांच्या नोटा अस्सल पौंडच आहेत. 2009 च्या बँकिंग कायद्यानुसार त्यांच्या किमतीइतकी तारण रक्कम राखून ठेवावी लागते. पण दुकानात काय घ्यायचं, हे दुकानदार ठरवतो. तो कुठलीही नोट नाकारू शकतो, अगदी बँक ऑफ इंग्लंडचीसुद्धा! 'लीगल टेंडर' (कर्ज फेडताना कायद्याने ग्राह्य धरलं जाणारं चलन) हा शब्द मुख्यतः कर्जफेडीच्या वादात कामाचा, बिस्किटपुडा घेताना नाही. आणि गंमत म्हणजे त्या काटेकोर अर्थाने स्कॉटलंडमध्ये कुठलीच कागदी वा प्लास्टिकची नोट लीगल टेंडर नाही.

याच्या उलट 'या नोटा इंग्लंडमध्ये रद्दी आहेत' असाही मेसेज आलाय. तोही खोटा. बरेच दुकानदार घेतात. काही जण ओळखीची नाही म्हणून कचरतात, इतकंच. नाही म्हणाले तर कार्ड काढा, हुज्जत नको. उरलेल्या नोटा परतीच्या विमानाआधी तिथेच खर्च करा किंवा बँकेत बदलून घ्या.

माझा जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. जिथे पाठवला असेल, तिथे हा टाका.