काका, माझी प्रतिकारशक्ती वाढवू नका

गेल्या महिन्याभरात एकच संदेश मला पाच जणांनी पाठवला. पाचवे आमचे काका. त्यांनी वर स्वतःची ओळ जोडली होती : "तुझ्यासाठी खास, नीट वाच." नीट वाचला. मजकूर थोडक्यात असा. सगळ्या आजारांचं मूळ दुबळी प्रतिकारशक्ती. ती जेवढी वाढवाल तेवढे निरोगी राहाल. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसाने ती सात दिवसांत दुप्पट होते. ज्याला कधी सर्दी होत नाही त्याची प्रतिकारशक्ती खणखणीत. लहानपणी आजार अंगावर काढले की ती पक्की होते. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या विष आहेत, आजच बंद करा. आणि विद्यापीठांना हे सगळं ठाऊक आहे, पण कंपन्यांच्या भीतीने ती गप्प आहेत.

"तुझ्यासाठी खास" अशासाठी, की मला ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे आणि मी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट ही प्रतिकार दाबणारी गोळी घेते. म्हणजे त्या संदेशातलं विष.

पहिला मुद्दा सगळ्या आजारांच्या मुळाचा. माझं निदान व्हायच्या आधी काही महिने सकाळी टूथपेस्टचं झाकण फिरवता यायचं नाही. बोटांच्या मुळाशी असलेले सांधे गरम आणि सुजून चकचकीत. मूठ वळायला दीड-दोन तास लागायचे, मग दुपारी हात पुन्हा माणसात यायचे. सांध्यात जंतू एकही नव्हता. सांध्याच्या आतल्या अस्तरात माझ्याच प्रतिकारपेशी गर्दी करून कूर्चा आणि हाड कुरतडत होत्या. त्यांना कोणी दुबळं म्हणू नये, त्या चोवीस तास राबत होत्या. फक्त चुकीच्या पत्त्यावर.

टाइप १ मधुमेहात याच पेशी स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी मारतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये चेतातंतूंवरचं आवरण सोलतात. असे आजार काही दुर्मीळ नाहीत. ब्रिटनमधल्या सुमारे २ कोटी २० लाख लोकांच्या वैद्यकीय नोंदी तपासून २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असे १९ स्वयंप्रतिकार आजार, म्हणजे प्रतिकारपेशी स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे आजार, मिळून साधारण दहातल्या एका माणसाला गाठतात असं दिसलं. बायकांमध्ये १३ टक्के, पुरुषांमध्ये ७. प्रतिकारशक्ती खरोखर दुबळी असणंही असतं. एचआयव्हीत, काही रक्ताच्या कर्करोगांत, काही बाळांमध्ये जन्मतःच. पण ते तपासण्यांमधून कळतं, थकवा आला म्हणून ठरत नाही.

दुसरा मुद्दा : जेवढी वाढवाल तेवढी चांगली. मला वाटतं निम्मा घोळ आपल्या शब्दानेच घातलाय. 'शक्ती' म्हटलं की ती कमी-जास्त होणार, मग जास्त तीच चांगली, हे ओघाने आलंच. 'प्रतिकारयंत्रणा' हा शब्द जरा सरकारी वाटतो, पण त्यात निदान बटणं आणि ब्रेक असल्याची शंका तरी येते.

प्रतिकारशक्ती एकदम वाढवली तर काय होतं हे माणसांवर दिसलेलं आहे. मार्च २००६, लंडन. टीजीएन१४१२ नावाचं नवं औषध सहा धडधाकट तरुणांना टोचलं. ते टी-पेशींना, म्हणजे प्रतिकाराचं काम करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, थेट चेतवणारं होतं, आणि डोस प्राण्यांमध्ये सुरक्षित ठरलेल्या डोसाच्या पाचशेव्या भागाएवढा. दीड तासाच्या आत डोकेदुखी, पाठदुखी, ताप सुरू झाला. त्यानंतर रक्तदाब कोसळला, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ढासळली, सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. सगळे वाचले, पण एकाला हातापायांच्या बोटांचे भाग गमवावे लागले. शरीरात एकही जंतू शिरलेला नसताना केवळ पेशींनी एकाच वेळी सोडलेल्या रसायनांनी हे केलं.

ब्रेकचं म्हणाल तर त्यावर विद्यापीठांत दशकानुदशकं काम चाललंय. जपानच्या शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखवून दिलं, की काही टी-पेशींचं कामच इतर पेशींना आवरायचं असतं. त्या काढून टाकल्या तर उंदरांमध्ये स्वयंप्रतिकार आजार उसळतात. पुढे २००१ मध्ये मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांना फॉक्सपी३ हे जनुक सापडलं. ते बिघडलेलं असलं की मुलग्यांना जन्मानंतर लवकरच गंभीर स्वयंप्रतिकार आजार होतो. साकागुचींनी मग हे दोन धागे जोडले : आवरणाऱ्या पेशी घडतात त्याच या जनुकामुळे. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं, आवरणाऱ्या पेशींसाठी.

काका इथे म्हणतील, मग कॅन्सरवर प्रतिकारशक्ती वाढवूनच इलाज करतात ना? करतात. जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल त्याचसाठी मिळालं. टी-पेशींचे ब्रेक सोडवायचे, म्हणजे त्या गाठीवर तुटून पडतात. पण सुटलेल्या पेशी गाठीपाशी थांबतील याची हमी नसते. काही रुग्णांत त्या आतड्यावर, थायरॉइडवर, फुप्फुसांवरही जातात आणि मग त्यांना आवरायला स्टेरॉइड द्यावं लागतं. एवढी किंमत कॅन्सरसाठी मोजतात. शिंका येऊ नयेत म्हणून कोणी मोजणार नाही.

व्हिटॅमिन सीने दुप्पट होते, पण काय दुप्पट होतं? पांढऱ्या पेशी म्हणाल तर त्या साधारण ४,००० ते ११,००० प्रति मायक्रोलिटर असतात. त्या दुप्पट दिसल्या तर डॉक्टर पाठ थोपटत नाहीत, संसर्ग शोधतात, कधी ल्युकेमियाही. व्हिटॅमिन सी आणि सर्दी यांवरच्या २९ चाचण्या, ११,००० हून जास्त माणसं, असा एकत्र आढावा झालेला आहे. रोज घेऊन सामान्य माणसांच्या सर्द्या कमी झाल्या नाहीत. झालेली सर्दी मोठ्यांमध्ये सरासरी ८ टक्के लवकर आटोपली. सात दिवसांच्या सर्दीतले तेरा तास. मॅरेथॉन धावणारे आणि कडाक्याच्या थंडीत कसरत करणारे सैनिक यांना मात्र खराच फायदा दिसला. काका यांपैकी कोणी नाहीत.

सर्दीचा मुद्दा पटकन संपवते. वाहणारं नाक आणि जड डोकं ही बरीचशी आपल्याच प्रतिकाराची करामत असते, विषाणूची कमी. म्हणून सर्दी न होण्यावरून कोणाचंच मोजमाप होत नाही. सर्दी कोणाला जास्त होते यावर मात्र पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात शेल्डन कोहेन यांनी छान काम केलंय. १५३ निरोगी माणसांच्या झोपेची दोन आठवडे नोंद ठेवायची, मग नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घालून त्यांना वेगळं ठेवायचं. सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाली. संदेशात झोपेवर एक अक्षर नाही. झोप बाटलीत भरून विकता येत नाही म्हणून असेल.

आजार अंगावर काढून पक्की होण्याबद्दल गोवराचं उदाहरण पुरे. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त तपासलं, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. त्या मुलांकडे इतर जंतूंविरुद्ध जमलेल्या प्रतिपिंडांपैकी, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांपैकी, ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. आधी कमावलेली ओळख गोवराने पुसली. लस घेतलेल्या बाळांमध्ये असं काही दिसलं नाही.

आता विष. इथे काकांची भीती मला अगदीच खोटी म्हणता येणार नाही. मेथोट्रेक्सेट घेताना यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या ठरावीक काळाने कराव्याच लागतात, गरोदरपणी ते चालत नाही, संसर्गावर लक्ष ठेवावं लागतं. सगळ्यात बोलका दाखला टीएनएफ या, प्रतिकारपेशीच सोडतात अशा रसायनाचा. मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी लंडनमध्ये हेच रसायन ऱ्हुमॅटॉइड सांध्यातली आग पेटती ठेवतं हे ओळखलं आणि १९९२ मध्ये २० रुग्णांवर ते रोखणारं औषध वापरून पाहिलं. सूज उतरली. पुढे औषध पसरलं, आणि २००१ मध्ये ते घेणाऱ्यांमधल्या क्षयाच्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. कारण शरीरात दबून बसलेल्या क्षयाच्या जंतूंभोवतीचं कुंपणही टीएनएफच टिकवतं. एकच रसायन सांध्यात घातक आणि फुप्फुसात रखवालदार. तेव्हापासून ही औषधं सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करतात.

पण "आजच बंद करा" हे वाक्य मात्र धोक्याचं आहे. माझ्या गोळ्या बंद केल्या तर आजार पुन्हा डोकं वर काढेल, आणि एकदा कुरतडलेलं हाड मागे येत नाही. बरेच दिवस स्टेरॉइड घेणाऱ्याने ते एका दिवसात थांबवलं तर त्याहून वाईट. औषध चालू असताना शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणाऱ्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. त्या जाग्या व्हायच्या आत रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो.

राहिली विद्यापीठांची मिठाची गुळणी. कंपन्यांचा पैसा विद्यापीठांत येतो, त्यावर संशय घ्यावा, मीही घेते. तरी ऑक्सफर्डने २०२० मध्ये काय केलं ते बघा. डेक्सामेथासोन हे १९५० च्या दशकातलं, कवडीमोल किमतीचं स्टेरॉइड, प्रतिकार दाबणारं. कोविडच्या व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये त्याने मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटले, ऑक्सिजनवरच्या रुग्णांमध्ये एक पंचमांशाने. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना काहीच फायदा झाला नाही. तिन्ही गोष्टी १६ जूनला एकत्रच जाहीर केल्या.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं, थोडं थांबले आणि म्हणाले, "ते असू दे सगळं. पण झोप नीट लागते ना तुला?"