‘डॉक्टर दिसेल तेच लिहितात’ म्हणे!

अमेरिकेतल्या केसपेपरमध्ये वंशभेद शोधणाऱ्यांची खिल्ली उडवणारा एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. त्याचा सूर असा: डॉक्टर दिसेल तेच लिहितात, पेशंट ऐकत नसेल तर ‘नॉन-कम्प्लायंट’ लिहायचं नाही का? आणि एखाद्या शब्दानं उपचार थोडेच बदलतात?

आधी ‘दिसेल तेच’. शिकागोतल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या १८,४५९ पेशंटच्या ४०,११३ नोंदी संशोधकांनी तपासल्या. २०२२ मध्ये निष्कर्ष आले: ‘आक्रमक’, ‘नॉन-कम्प्लायंट’ असा निदान एक तरी नकारात्मक शब्द नोंदीत असण्याचे ऑड्स (म्हणजे असण्याचं नसण्याशी गुणोत्तर) कृष्णवर्णीयांच्या बाबतीत गोऱ्यांच्या २.५४ पट. तेही सामाजिक परिस्थिती आणि प्रकृतीतले फरक हिशेबात धरून. एखाद्या डॉक्टरच्या मनात काय होतं ते यातून कळत नाही, हे मान्य. पण तसा दावा तरी कोणी केलाय?

पेशंट औषध घेत नसेल तर लिहायलाच हवं. मात्र ‘इन्शुलिन परवडत नाही म्हणून डोस चुकवतो’ हीसुद्धा नोंदच की! पुढच्या डॉक्टरला हीच कामाची. नुसतं ‘नॉन-कम्प्लायंट’ लिहिलं की कारण गायब आणि खापर पेशंटच्या माथी.

खरी मेख तिसऱ्या मुद्द्यात आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ४१३ मेडिकल विद्यार्थी आणि रेसिडेंट डॉक्टरांना एका काल्पनिक पेशंटची नोंद वाचायला दिली. २८ वर्षांचा तरुण, सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, असह्य वेदना. अमेरिकेत हा आजार प्रामुख्याने कृष्णवर्णीयांमध्ये आढळतो. वैद्यकीय माहिती तीच, पण नोंदी दोन तऱ्हेच्या. एकीत तो आदल्या दुपारी मित्रांसोबत होता. दुसरीत मॅकडोनाल्ड्सबाहेर मित्रांबरोबर टाइमपास करत होता. (निदानाला त्याचा काय उपयोग, देव जाणे.) एकीत त्याला वर्षातून आठ-दहा वेळा वेदनांचा झटका येतो; दुसरीत तो नार्कोटिक्सवर (अफूच्या जातीच्या वेदनाशामकांवर) अवलंबून आणि इमर्जन्सीत सारखा येणारा. दुसरी नोंद वाचणाऱ्यांचं पेशंटबद्दलचं मत जास्त वाईट होतं, आणि वेदनाशामक देतानाही त्यांनी हात आखडता घेतला.

‘पेशंट कुठे हे वाचायला बसलाय?’ असंही मजकुराच्या शेवटी आहे. एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत लागू असलेल्या नियमानुसार बहुतेक नोंदी पेशंटला विनाविलंब ऑनलाइन बघता येतात. तो बसलाय वाचायला.